बिनगाठीची गोधडी

दिवा लावू नकोस अजून. साडेचारच वाजलेत, खिडकीतून पुरेसा उजेड येतोय. त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बस आणि चहा गार व्हायच्या आत पिऊन टाक. आजचा दिवस दोघींचाही वाईट गेला, तुझा मुलांच्या वॉर्डात आणि माझा अपघात विभागात. सकाळी सात वाजता मी जी उभी राहिले ती आत्ता, इथे येऊन बसले.

तू या खोलीत राहायला आलीस त्याला तीन आठवडे झाले. तेवढ्यात तू मला दोन गोष्टी विचारल्यास. एक, खिडकीतल्या छोट्या उशीत मी रोज वीस सुया ओवून का टोचून ठेवते. आणि दुसरी, रोज पाच वाजता काहीतरी निमित्त काढून तुला खाली चहाला का पिटाळते. दोन्ही वेळा मी थाप मारली. आज तू लवकर आलीस आणि चांगल्या मनाने माझ्या पलंगावरच्या गोधडीची घडी करायला गेलीस, तर मी तुझ्यावर खेकसले. वॉर्डात नातेवाइकांवर खेकसते तशी. ते चुकलं माझं. म्हणून सांगते. अर्धा तास आहे आपल्याकडे, तेवढ्यात होईल सांगून.

गोधडी आईची आहे. आई शिवणकाम करायची, शाळांचे गणवेश. आमचं घर म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खाली धुण्याची चार मोठी यंत्रं दिवसभर धडधडायची आणि वर आमच्या पायाखालची जमीन थरथरायची. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. साबणाचा, वाफेचा आणि थोडा करपलेल्या कापडाचा वास भिंतींत मुरला होता. पाच वाजता यंत्रं बंद पडायची, आणि मग अशी शांतता पसरायची की कानांत दडे बसल्यासारखं वाटायचं. लहानपणी मी आणि ताई त्या वेळी उगाचच हळू आवाजात बोलायचो.

वडील लवकर गेले. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई तिला थोरली म्हणायची आणि मला धाकटी. जाण्याआधी नऊ वर्षं काचबिंदूने आईची दृष्टी गेली, पण हात गेले नाहीत. बोटांनी बघून शिवायची ती. टाका इतका बारीक आणि सारखा, की डोळसांनी लाजावं. फक्त एक गोष्ट तिला जमायची नाही, सुई ओवणं. दोरा संपला की हाक यायची, "थोरले, ओवून दे गं…" शेवटचा तो 'गं' लांबवायची. दिवसातून वीस वेळा. ताई आंघोळीला गेलेली असो, जेवत असो, नाहीतर अंगात ताप घेऊन पडलेली असो, हाक काही चुकायची नाही. शेवटी ताईने युक्ती काढली. सकाळी उठल्याउठल्या वीस सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, म्हणजे दिवसाची सोय झाली.

आणि मी? मी दिवसभर सगळ्या जगाची सिस्टर. सख्ख्या बहिणीची बहीण व्हायला मात्र मला सवड नव्हती. महिन्यातून एकदा जायचे, औषधं पोचवायचे, आईची नाडी बघायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचे. ताई दार उघडताना म्हणायची, "या सिस्टर, राउंडला आलात वाटतं?" हसत म्हणायची, पण लागायचं मला. लागायचं आणि तरीही मी संध्याकाळच्या गाडीने परत यायचे.

आई गेली त्या दिवशी माझी ड्यूटी होती. ताईचा फोन सकाळी आला, आईचं काही खरं दिसत नाही, लगेच नीघ. मी म्हटलं, शिफ्ट संपली की निघतेच. त्या दिवशी एका बसला अपघात झाला होता, माणसांवर माणसं येत होती, मला सोडलं नसतं हेही खरं. पण मी विचारलंही नाही, हे त्याहून खरं. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. जिन्यात लाँड्रीतल्या मावशी भेटल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "शेवटची गाठ नाही पडली हो तुमची." साधं बोलणं. कुणीही कुणालाही म्हणतं. माझ्या मात्र ते डोक्यात बसलं ते बसलंच.

दोन महिन्यांनी ताईने फोन केला.

"चार दिवसांची रजा काढून ये. आईची गोधडी पुरी करायची आहे."

"ताई, आता कसली गोधडी? तू तिकडे कामावर रुजू होणार होतीस ना?"

मुलींच्या एका वसतिगृहात तिला देखरेखीचं काम मिळालं होतं, लांबच्या गावी. राहायला खोली, दोन वेळचं जेवण आणि रात्री कुणीही हाक मारणार नाही अशी झोप. तिने तारीख दोनदा पुढे ढकलली होती.

"निघताच येत नाही इथून," ती म्हणाली. "जाताना आई म्हणाली होती, माझी गोधडी पुरी करा, दोघी मिळून करा, मग मी जाते. तू ये."

मला वाटलं, ताई एकटीने खचली आहे. वॉर्डात बघतोच ना आपण. नऊ वर्षं आजाऱ्याचं करणारं माणूस तो आजारी गेला की कोसळतं. मी रजा काढली.

दुपारी पोचले. ताईने दार उघडलं. वजन किती उतरलं असेल सांगता येत नाही. डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की रुग्ण म्हणून आली असती तर मी तिला आधी आडवं केलं असतं. बाहेरच्या खोलीत आईचा पलंग होता आणि त्यावर ती गोधडी पसरलेली, पलंगापेक्षा मोठी, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबणारी. अंथरूण पाहून पाय पसरणं आईला कधी जमलंच नाही. वरच्या थराला आईचे जुने सुती गाऊन आणि गणवेशांचे उरलेले तुकडे, निळे, खाकी, पांढरे. आत दोन जुन्या चादरी. कडेपासून सुरू केलेला धावदोरा चौकोनात चौकोन करत आत आत येत होता. मधला मोठा भाग अजून कोरा होता. आणि खिडकीत ती उशी. वीस सुया, सगळ्यांना पांढरा दोरा.

"दुकान मांडलंयस का सुयांचं?" मी विचारलं.

"सवय," ताई म्हणाली.

आम्ही बसलो. ती खिडकीच्या बाजूला, मी दाराच्या बाजूला. उशाकडे आईचं स्टूल होतं, ते तसंच ठेवलेलं. मधे कापड. खालून यंत्रांची धडधड, त्यामुळे सुई हातात जराशी थरथरायची. माझे टाके तिरके पडत होते, आणि ताई बघूनही काही बोलत नव्हती. पहिला दोरा संपत आला तसा मी काही विचार न करता टोकाला वेढा घेतला.

ताईने पलंगावरून झेप घेऊन माझं मनगट धरलं. "गाठ नको!"

"अगं, सुटेल नाहीतर."

"नाही सुटत. विसरलीस तू. दोरा मागे फिरवायचा, आल्या वाटेने चार टाके घ्यायचे आणि टोक आत थरांमध्ये सोडून द्यायचं. गोधडीत गाठ मारायची नाही."

मग आठवलं. आईचा तो कडक नियम होता. एरवी ती म्हणायची, गाठ झोपणाऱ्याच्या पाठीला टोचते. पण एकदा, मी दहा-बारा वर्षांची असेन, तिने मला दुसरंही कारण सांगितलं होतं. दोरा वाहता राहिला पाहिजे, गाठ बसली की माणूस तिथंच अडकतं. कोण माणूस, ते काही सांगितलं नाही.

आणि माझे हात तर गाठीचे. तुला माहीत आहे, अपघात विभागात लहानसहान जखमा डॉक्टर माझ्यावरच सोडून देतात. जखमेचा प्रत्येक टाका वेगळा आणि प्रत्येकाला वेगळी गाठ, दोन वेढे आणि वर एक उलटा. सव्वीस वर्षं हात तेच करतायत. ती गाठ सुटली तर जखम उघडते. ताईने माझा वेढा सोडवला आणि त्या दिवशी माझ्या प्रत्येक दोऱ्याच्या टोकाशी ती वाकून बघत राहिली.

पाच वाजले. यंत्रं थांबली, पेले गप्प झाले. ताईने लगेच सुई टोचून ठेवली.

"पुरे आता. आत चल."

"उजेड आहे की अजून. अजून दोन रांगा होतील."

"आत चल म्हटलं ना."

तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आम्ही चहा केला, आणि तो पिता पिता मी भिंतीला टेकून झोपून गेले. झोपेत कधीतरी एक आवाज ऐकला. सर्र… टप. सर्र… टप. जाड कापडातून दोरा ओढल्यासारखा. नळातून पाणी गळत असेल असं वाटलं आणि कूस बदलली.

सकाळी गोधडीकडे गेले तर रांगा वाढल्या होत्या. उशाकडच्या बाजूने. टाका तांदळाएवढा, एकाला एक सारखा. उशीतल्या नऊ सुयांचा दोरा संपलेला होता.

"रात्री उठून शिवत बसतेस?" मी चिडले. "आरशात बघ एकदा. मरशील अशाने."

"मी नाही," ताई म्हणाली, आणि रिकाम्या सुया काढून एकेक ओवायला बसली. भांडी घासावीत तशी.

मी नर्स. मी निदान केलं. माणूस अति थकलं की झोपेत उठतं, कामं करतं, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. उपाय सोपा होता. त्या दिवशी पाचाला काही मिनिटं असताना, ताईचं लक्ष नाही असं बघून मी सुयांची उशी माझ्या पिशवीत टाकली.

यंत्रं थांबली. आम्ही दार लावून आत बसलो. ताईने कपात चहा ओतला. बाहेर लख्ख उजेड होता, समोरच्या गच्चीवर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं, रस्त्यावर कुणीतरी दुचाकीला किक मारत होतं. आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली.

"थोरले… ओवून दे गं…"

माझ्या हातातला कप कलंडला. ताई उठली. घाबरून नाही. चौथ्यांदा बेल वाजवणाऱ्या पेशंटकडे आपण उठून जातो, तशी गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"कुठे ठेवल्यास सुया?" तिने मला विचारलं.

मी पिशवीकडे बोट दाखवलं. तिने उशी घेतली, दार उघडलं, आणि मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. खोलीत कुणीही नव्हतं. स्टूल, पलंग, गोधडी. ताईने उशी स्टुलाजवळ ठेवली आणि मागे सरली. मग गोधडीवर, उशाकडच्या बाजूला, कापड दबलं. दोन बोटांनी दाबल्यासारखं. ते दबणं पुढे सरकलं. टाक्यामागून टाका चाचपत, सावकाश, एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर. माझ्या रांगेवर आल्यावर ते थबकलं, आणि माझा एक तिरका टाका हळूच उसवला गेला…

"काही करत नाही ती," ताई माझ्या कानाशी म्हणाली. "फक्त शिवते. सुया असल्या की हाकही मारत नाही."

"कधीपासून?"

"गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि तू मला आत्ता सांगतेस?"

"तू आत्ता आलीस," ताई म्हणाली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा. ताई तर त्यावर हसलीसुद्धा. म्हणाली, "मला वाटलं होतं निदान मेल्यावर तरी डोळे परत मिळत असतील. तर तिथेही काचबिंदूच."

मला भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण भीतीच्याही आधी दुसरं काहीतरी वाटलं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिने थोरलीला हाक मारली. मी तिथेच होते, एका दारापलीकडे. नऊ वर्षांत तिने मला सुई ओवायला एकदाही सांगितलं नव्हतं, मी कधी तेवढी थांबलेच नव्हते म्हणून. आणि आताही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता ताई आत गेली, मी बाहेरच बसून राहिले. कापड दबलं. ओल्या दोऱ्याचा वास आला. आई दोऱ्याचं टोक ओठांत धरायची, तो वास. मी म्हटलं, "आई, मी आलेय. धाकटी." ते दबणं जागच्या जागी थांबलं. बऱ्याच वेळाने ते पुढच्या टाक्यावर गेलं. मी एक रिकामी सुई उचलली, ओवली आणि कडेला ठेवली. थोड्या वेळाने ती तिथे नव्हती. एवढंच. शब्द नाही, काही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मधे फक्त तळहाताएवढा चौकोन उरला. ताई ओळखू येत नव्हती इतकी हलकी झाली होती. ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. शिवता शिवता बोलत होती, वसतिगृहाच्या खोलीला म्हणे पूर्वेला खिडकी आहे, आणि पहिले आठ दिवस ती फक्त झोपणार आहे, मुलींनी वसतिगृह डोक्यावर घेतलं तरी उठणार नाही.

"आज संपेल," ती म्हणाली. "मग ती जाईल. तिचा शब्द आहे."

"आणि नाही गेली तर?"

"जाईल गं. आईने आजवर कुणाचा गणवेश उशिरा दिलाय?"

शेवटचा दोरा माझ्या हातात होता. साडेचार वाजून गेले होते. ताई म्हणाली, "तू एवढं टोक लपव, मी शेवटचा चहा टाकते," आणि आत गेली. मी दोरा मागे फिरवला. एक टाका, दोन टाके. खालून जमीन थरथरत होती. डोळ्यांत झोप मावत नव्हती. मनात आलं, आता ही जाईल. ताईची सुटका होईल, आणि व्हायलाच हवी. पण मी? माझी गाठ राहिली ती राहिलीच. आता तर विचारायलाही कुणी उरणार नाही.

दोन वेढे, वर एक उलटा. मी ओढून घट्ट केली आणि सुईच्या टोकाने आत, थरांमध्ये ढकलून दिली.

हाताची सवय, असं मी स्वतःला सांगते. तू नर्स आहेस, तुला पटेलसुद्धा. मला काही दिवशी पटतं.

ताई कप घेऊन आली. गोधडीच्या मधोमध तिने हात फिरवला. "गाठ नाही ना मारलीस?"

"नाही," मी म्हटलं.

यंत्रं थांबली. आम्ही दोघी भिंतीला टेकून, एकमेकींचा हात धरून बसलो. कापड दबलं. कडेपासून, चौकोनात चौकोन, एकेक रांग चाचपत ते आत येत गेलं. घाई नाही. जणू गणवेश शाळेत पाठवायच्या आधी शेवटचा हात फिरवावा. मधल्या चौकोनापर्यंत आलं. त्यावर फिरलं. मग थांबलं… एकाच ठिकाणी थांबलं. कितीतरी वेळ. माझा तळवा घामाने भिजला, तो ताईला कळला असणार. शेवटी ते उठलं आणि कापड सपाट झालं. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. हाक नाही, आवाज नाही.

"गेली," ताई म्हणाली आणि रडायला लागली. रडता रडताच जमिनीवर आडवी झाली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. मी तिच्या नाकाशी हात धरून दोनदा बघितलं.

निघताना गोधडीकडे तिने पाहिलं नाही. म्हणाली, "तू ठेव. मला ती डोळ्यांसमोर नको." ताई आता मजेत आहे. फोनवर तिचं हसू ऐकलंस ना परवा? अंग भरलंय, दहा-दहा तास झोपते. माझ्या खोटेपणाचं एवढंच एक चांगलं झालं.

गोधडी मी इथे आणली. पहिल्याच संध्याकाळी आपल्या हॉस्पिटलची लाँड्री पाच वाजता बंद झाली, आणि माझ्या पलंगावर कापड दबलं. सरळ मधोमध. माझ्या गाठीपाशी. ती जाणार होती आणि मी तिला अडकवलं, हे मला तेव्हाच कळलं. कात्री या कपाटात आहे, टाके काढायची, बारीक टोकाची. एक काप दिला की झालं असतं. पाच वर्षं मी तो दिला नाही. सकाळी वीस सुया ओवते, ती माझ्या गाठीभोवतीचं उसवते आणि परत शिवते, आणि मी वाट बघते की कधीतरी ती मला हाक मारेल. लाज वाटते हे सांगताना. पन्नाशी गाठलेली बाई.

पण गेल्या आठवड्यापासून माझ्या डोळ्यांचं काहीतरी झालंय. चष्मा बदलून बघितला. सुईचं नाक दिसत नाही, दोरा दोन-दोन दिसतो. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्यात, आणि काय निघणार ते मला माहीत आहे, ते रक्तातच आहे आमच्या. काल बाराच सुया ओवून झाल्या. पाचनंतर तू खाली होतीस. बारा सुया संपल्या, आणि हाक आली.

"धाकटे… ओवून दे गं…"

याच हाकेसाठी मी पाच वर्षं काढली. आणि आली तेव्हा मी काय केलं? गुडघ्यांवर हात टेकून उठले. ताई उठायची तशीच. सुई काही ओवता येईना, दोरा भलतीकडेच जात होता. मी तशीच बसून राहिले आणि हाक येत राहिली, अंधार पडेपर्यंत.

म्हणून आज पहाटे ड्यूटीला जायच्या आधी मी ती कात्री काढली. पुरे झालं, जाऊ दे तिला. गोधडीच्या मधोमध बोटाने चाचपून माझी गाठ शोधली. सापडली. तिच्या शेजारी आणखी एक सापडली. तिच्यापलीकडे आणखी. मी रांगेने हात फिरवत कडेपर्यंत गेले. आईच्या त्या तांदळाएवढ्या टाक्यांच्या खाली, आत, थरांमध्ये, जागोजागी गाठी आहेत. मी एकच मारली होती. जन्मात जिने गोधडीत गाठ मारली नाही, तिच्या रांगांमध्ये आता माझी गाठ आहे. दोन वेढे, वर एक उलटा. ती तिथे थांबून बोटांनी बघत होती ना, ते काय बघत होती ते मला आज कळलं.

कात्री मी परत ठेवून दिली. एवढ्या गाठी कापायच्या तर अख्खी गोधडी फाडावी लागेल.

थांब, उठू नकोस. ऐक, लाँड्री बंद झाली. आज चौदाच ओवून झाल्यात माझ्या. तुझे डोळे चांगले आहेत. त्या उशीतल्या उरलेल्या सहा तेवढ्या ओवून दे गं… टोकाला गाठ मारू नकोस फक्त. गाठी आता ती स्वतःच मारते.